मंगळवारची पिन

खालचीवाडी, कट्टा
१८ नोव्हेंबर २०२४

ती. परशुरामकाकांस,
सा. न.

मी सारिका, गंगारामची मुलगी. कट्ट्याला तुमचं सायकलचं दुकान होतं तेव्हा तासावर सायकल नेऊन वेळेवर परत न करणाऱ्या पोरींमध्ये माझा पहिला नंबर होता. एवढ्यावर ओळख पटली असेल.

तुमच्या सुदेशला फोन केला होता. तो म्हणाला, "बाबांक फोनार काय एक आयकाक येणा नाय. पत्र घाल, ता वाचतत." म्हणून हे पत्र. कितीतरी वर्षांनी पाकीट विकत घेतलं. पोस्टातल्या बाईंनी दोनदा विचारलं, नक्की साधंच हवं ना म्हणून.

आई श्रावणात गेली. तिचं सगळं आटोपल्यावर मी शेतातल्या मांगरात गेले आणि गवताच्या पेंढ्यांमागून बाबांची सायकल बाहेर काढली. बाबांनी ती तुमच्याकडूनच जुनी म्हणून घेतली होती, तुम्हाला आठवत असेल. बाबा गेले तेव्हा कुणीतरी ती मांगरात नेऊन टाकली, ती एकतीस वर्षं तिथेच होती. आई ती विकूही देत नव्हती आणि घराकडे आणूही देत नव्हती.

अवस्था सांगते. दोन्ही टायर हातात घेताच तुकडे होऊन पडले. चेन ताठ झाली आहे, वाकतच नाही. सीटचं चामडं उंदरांनी संपवलं, स्प्रिंगा आहेत. हँडल एका बाजूला वाकलेलं आहे, ते कशाने ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. पुढचं चाक फिरतं, मागचं अडतं. घंटी मात्र वाजली. ती वाजल्यावर मी तिथेच खाली बसून रडले.

मला ही सायकल नीट करून चालवायची आहे. मी कट्ट्याला काजूच्या फॅक्टरीत जाते, चार किलोमीटर. सकाळच्या एसटीची वेळ बदलली, आणि रिक्षा भरेपर्यंत माझा खाडा होतो. कट्ट्याच्या गॅरेजवाल्याने सायकल बघितली आणि हसला. सळयांच्या ब्रेकची सायकल त्याने फक्त फोटोत पाहिली आहे म्हणे. तिच्या प्रत्येक नटावरून तुमचा हात फिरलेला आहे, तेव्हा तुम्हीच सांगा, कुठून सुरुवात करू? तुम्ही लिहा, मी माझ्या हाताने करीन.

तुमची,
सारिका


खारेपाटण
२६ नोव्हेंबर २०२४

चि. सारिका,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. सीतावहिनी गेल्याचे वाचून वाईट वाटले.

सायकल भंगारात दे. एकतीस वर्षे पडलेले लोखंड आतून खाल्लेले असते, वरून कळत नाही. चालवायचीच असेल तर नवी घे, हलकी मिळते. मला धंदा सोडून अठ्ठावीस वर्षे झाली. आता हात कापतो आणि आठवतही नाही.

तब्येतीस जप.

परशुराम मेस्त्री


खालचीवाडी
२ डिसेंबर २०२४

ती. परशुरामकाका,
सा. न.

तुमचं पत्र एवढं आखूड की पोस्टकार्डावर मावलं असतं, पाकीट फुकट गेलं. आठवत नाही म्हणता, पण दुकान सोडून किती वर्षं झाली ते बरोबर आठवतं. म्हाताऱ्या माणसांचं हे सोंग मला पाठ आहे, आईनेही फार वर्षं केलं.

तुम्हाला वाटत असेल की त्रेचाळिसाव्या वर्षी हिला हे काय सुचलं. तर ऐका.

बाबा कसे गेले ते तुम्हाला माहीत आहे, पण गावात ते कसं सांगतात ते मी लिहिते. बाबा पूर्वी प्यायचे, हे मी नाकारत नाही. जाण्याआधी दोन वर्षं, जत्रेच्या दिवशी, त्यांनी रवळनाथासमोर नारळ ठेवून सगळ्या गावादेखत दारू सोडली. त्यानंतर थेंबाला शिवले नाहीत. त्या सोमवारी सकाळी ते शाळेत निघाले, शिपायाला मास्तरांच्या आधी जावं लागतं. घाटीच्या उतरणीवर सायकल आवरली नाही आणि ते ओढ्यावरच्या साकवाच्या कठड्यावर आपटले. लोक जमले. मानकरी दत्तारामकाका तिथेच म्हणाले, "देवाक दिलेलो शब्द मोडल्यान. देवान बघून घेतल्यान." बाबांचं तोंड हुंगून कुणी बघितलं नाही. एवढ्या एका वाक्यावर गावाने एकतीस वर्षं काढली.

त्या सकाळी मी बाबांबरोबर चहा प्यायले होते, काका. त्यांच्या अंगाला साबणाचा वास येत होता. मी हे सगळ्यांना सांगितलं, पण बारा वर्षांच्या मुलीचं कोण ऐकतो? आई त्यानंतर देवळाची पायरी चढली नाही. ज्याला देवाने शिक्षा केली त्याची मुलगी म्हणून माझं लग्न दोनदा ठरता ठरता मोडलं. लग्नाचं दुःख आता राहिलेलं नाही. आईचं आहे. जाण्याआधी आठवडाभर ती मला सारखं विचारत होती, "माका खरा सांग गो, पिलेले नाय होते मां?" तिला स्वतःलाच खात्री राहिली नव्हती. याहून वाईट मी काही पाहिलेलं नाही.

म्हणून मला त्याच सायकलवरून, त्याच उतरणीवरून, भर सकाळी कट्ट्याला जायचं आहे. याने बाबांचं नाव धुऊन निघणार नाही, एवढं मला कळतं. पण त्या उतरणीची जी एकच गोष्ट लोक सांगतात, तिला माझ्याकडून काहीतरी उत्तर असावं.

मागच्या चाकाचे नट हलत नाहीत. पाना घसरून बोट सोललं. आता तरी सांगा.

तुमची,
सारिका


खारेपाटण
१० डिसेंबर २०२४

चि. सारिका,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र चार वेळा वाचले. तू ऐकणार नाहीस, तेव्हा बोटे तरी शाबूत राहू देत.

नटाशी भांडू नकोस. रॉकेल आणि खोबरेल सारखे घे, कापसाचा बोळा भिजवून नटावर ठेव आणि दोन दिवस विसर. तिसऱ्या दिवशी पाना लावून आधी किंचित घट्ट करायच्या बाजूला फिरव, मग सैल कर. गंज आधी सुटावा लागतो, नट मागाहून सुटतो.

चेन काढून रॉकेलात बुडव. दर दिवशी ब्रशने घास आणि एकेक कडी हाताने वाकवून बघ. जी कडी चार दिवसांनीही वाकणार नाही ती बदल. चाकाचे छर्रे सगळे नवे घे, जुन्यात एकही मिसळू नकोस. ग्रीस सढळ हाताने घाल. छर्रे दाबून धरणारा कोन पूर्ण आवळ आणि मग पाव फेरा मागे घे. चाक नीट बसले की नाही ते असे ओळख: हवेत धरून सोडून दे. ते आपोआप फिरून थांबते आणि थांबताना वॉल्व्ह तळाशी येतो, दोनदा झुलतो, मग स्थिर होतो. झुलला नाही तर पुन्हा उघड. आमच्या वेळी चाक झुलल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायचे नाही, अशी रीत होती.

हँडल तापवून सरळ करू नकोस, मोडेल. दोन माडांच्या मध्ये धरून हळूहळू दाब. पुढे नवा ब्रेक बसव. तो कसा बसवायचा ते मागच्या पानावर चित्र काढून दिले आहे.

एक मात्र माझे ऐक. मागच्या ब्रेकला हात लावू नकोस. सळया, चिमटा, सगळे एकदम कापून काढ आणि टाकून दे. तिथे केबलचा नवा ब्रेक मिळतो. कापलेले उघडून बघत बसू नकोस.

परशुराम मेस्त्री


खालचीवाडी
२३ डिसेंबर २०२४

ती. परशुरामकाका,
सा. न.

चाक झुललं! तुम्ही लिहिलंत तसंच, दोनदा, आणि वॉल्व्ह खाली आला. मी अंगणात एकटीच हसत बसले होते. समोरच्या संचिताने कुंपणावरून विचारलं, काय लागलं का गो हाताला म्हणून. चेनची एकही कडी बदलावी लागली नाही. हँडल फणसाच्या दोन फांद्यांमध्ये धरून सरळ केलं, माझ्याकडे दोन माड हवे तेवढे जवळ नाहीत. नवे टायर, नवी ट्यूब. सीट जुनीच दुसरी मिळाली. पुढचा ब्रेक तुमच्या चित्रावरून बसला. अंगणात दोन फेऱ्या मारल्या, तिसरीला तुळशीच्या कट्ट्यावर आपटले, पण पडले नाही. लहानपणी दांड्याखालून पाय घालून चालवायचे, आता सीटवर बसून पाय पुरतात याचंच अप्रूप वाटलं.

आता मागच्या ब्रेकचं.

तुम्ही आयुष्यात एक वायसर फेकला नाहीत. तुमच्या दुकानात मोडक्या स्पोकचेही डबे भरलेले असायचे, मी पाहिले आहेत. आणि तुम्ही मला सांगता, सगळा ब्रेक कापून टाक, वर बघूही नकोस. पहिल्यांदा सायकलच भंगारात दे म्हणालात. मी ही दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली, काका.

मला आणखी एक आठवतं. ते गेले त्याच्या आधीच्या शनिवारी बाबा उशिरा घरी आले होते आणि ब्रेकचं काम करून आलो, असं त्यांनी आईला सांगितलं होतं. ते काम तुमच्याकडेच झालं असणार, दुसरीकडे ते जात नव्हते.

मी ब्रेक अजून उघडलेला नाही. कापलेलाही नाही. तुम्ही कारण लिहा. मग काय करायचं ते मी ठरवीन.

सारिका


खारेपाटण
३० डिसेंबर २०२४

चि. सारिका,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. ज्याने लपवले त्याच्या आशीर्वादाचे तू काय करणार?

त्या शनिवारी गंगाराम दिवेलागणीला आला. पायडलच्या वर ब्रेकच्या दोन सळया जिथे जोडतात, तिथली पिन झिजून गळून पडली होती. पिन बोटाच्या पेराएवढी असते, पण तिच्यावर सगळा मागचा ब्रेक असतो. पुढचा ब्रेक त्याने कधीच काढून टाकला होता, तेव्हा पुष्कळजण काढत. माझ्या दुकानात त्या मापाची पिन नव्हती. माझे सामान दर मंगळवारी मालवणहून यायचे. मी म्हटले, सायकल मंगळवारपर्यंत इथेच ठेव. तो म्हणाला, "सोमवारी शाळेत परीक्षा आसा, माका येवकच होया. मंगळवारपर्यंत चलात असा कायतरी कर."

मी जाड तार घेतली, भोकातून ओवली आणि पक्कडीने तीन पीळ दिले. असे मी शंभर वेळा केले होते. "उतरणीर खाली उतर आणि चालत जा," असे मी त्याला सांगितले. सांगितले असे मी स्वतःला इतकी वर्षे सांगत आलो आहे, की आता खरोखरच सांगितले होते की नाही ते मला ठरवता येत नाही.

सोमवारी बातमी आली तसा मी साकवाकडे धावलो. सायकल आडवी पडली होती. मी तिच्याकडे वाकून पाहिले नाही. दत्ताराम बोलला तेव्हा मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो. तेव्हा माझे कान चांगले होते. मी बोललो असतो तर ते वाक्य तिथेच मेले असते. मी बोललो नाही. मेस्त्रीच्या हाताने माणूस मेला म्हटल्यावर माझ्या दुकानाची पायरी कुणी चढले नसते, आणि घरात लहान पोरे होती. हे कारण तेव्हा मला मोठे वाटले.

मंगळवारी पिन आली. मी ती डब्यात टाकली. पुढे अडीच वर्षे दुकान उघडत राहिलो. प्रत्येक ब्रेक तपासताना गंगाराम समोर उभा राहायचा. शेवटी बंद करून इकडे आलो. तुझ्या आईची नजर चुकवून मी कट्टा सोडला. तिने शेवटी तुला काय विचारले ते वाचल्यापासून मला जेवण जात नाही.

तार तुटली होती की नाही, ते मला माहीत नाही. बघायची छाती झाली नाही, म्हणूनच तुला कापून टाक म्हणालो. आता उघड. जे असेल ते कळव. तुटलेली असेल तर तुटलेली लिही.

परशुराम


खालचीवाडी
२७ जानेवारी २०२५

ती. परशुरामकाका,
सा. न.

उत्तराला उशीर झाला. अंगात ताप होता, मग फॅक्टरीत काम फार होतं.

ब्रेक उघडला. तार शाबूत आहे. तिन्ही पीळ जागच्या जागी. तुम्हाला खात्री पटावी म्हणून ती या पाकिटात घालते आहे. म्हणजे तुमच्या हाताने काही झालेलं नाही. कदाचित गुरं आडवी आली असतील, कदाचित बाबांना चक्कर आली असेल. ते आता कुणाला कळणार नाही आणि कळून कुणाचं काही होणारही नाही. आई गेली. मला आता लोकांच्या बोलण्याचं काही वाटत नाही.

तुम्ही जेवत जा. सुदेशला त्रास देऊ नका.

तुमची,
सारिका


खारेपाटण
३ फेब्रुवारी २०२५

चि. सारिका,
अनेक आशीर्वाद.

तार मिळाली. खिडकीपाशी उजेडात बसून पाहिली.

तू माझ्या दुकानात एवढी हुंदडलीस, पण मी पाना कुठल्या हातात धरतो ते तुझ्या ध्यानात राहिलेले दिसत नाही. मी डावखुरा आहे. माझ्या हातचा पीळ उलटा पडतो. कट्ट्याला लोक पीळ बघून ओळखायचे, हे मेस्त्रीचे काम म्हणून. या तारेचा पीळ उजव्या हाताचा आहे. आणि हिचा गंज लाल आहे, बोटाला लागतो. इतक्या वर्षांचा गंज काळा पडलेला असतो, तो बोटाला लागत नाही.

म्हणजे माझी तार तुटली होती.

सुदेशची बायको दोनदा येऊन चहा ठेवून गेली. पण मला राग आला नाही, पोरी. तुझ्या बापावरचा बोल पुसून टाकील अशी एकच वस्तू तुझ्या हातात होती. ती तू माझ्यासाठी लपवलीस आणि माझ्या समाधानासाठी खोटी तार बनवत बसलीस. गंगारामाच्या जिवाला मी जबाबदार. त्यावर त्याच्या नावाचीही किंमत देऊन मी जगावे, असे होणार नाही. एकदा झाले तेवढे पुरे.

बारा तारखेला तुमच्याकडे जत्रा आहे. सुदेश मला गाडीतून घेऊन येणार आहे. देवाला गाऱ्हाणे दत्तारामच घालतो ना अजून? त्याला सुदेशने निरोप दिला आहे, एका जुन्या माणसाला देवासमोर नारळ ठेवून दोन शब्द बोलायचे आहेत म्हणून. काय बोलायचे ते त्याला कळवलेले नाही. जिथे गंगारामने शब्द दिला तिथेच ते बोलले पाहिजे, कागदावर लिहून उपयोग नाही.

तू मला अडवू नकोस. आणि माझ्याशी बोलायला पुढे येऊ नकोस, तुला पाहिले तर मला बोलता येणार नाही.

सोबत ती पिन आहे, मंगळवारी आलेली. तेल लावून कागदात ठेवली होती, गंज नाही. डोके वर ठेवून घाल. खालचे दोन्ही पाय पक्कडीने फाकव आणि मागे मुडप. केबलचा ब्रेक घेऊ नकोस. हिच्यावर विश्वास ठेव.

परशुराम


खारेपाटण
१६ फेब्रुवारी २०२५

चि. सारिका,
अनेक आशीर्वाद.

मी बोललो एवढे मला कळते, कारण घसा दुखत होता. लोक काय म्हणाले ते मला ऐकू आले नाही. गाऱ्हाण्यात प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचे असते, तेव्हा ते म्हणाले की नाही, एवढे तरी ओठांवरून कळावे म्हणून बघत होतो. पण डोळ्यांत पाणी आले आणि तेही दिसले नाही. मग सुदेशने दंडाला धरून गाडीत बसवले.

सुदेशला विचारले तर त्याने कागदावर लिहून दाखवले, "सगळा बरा झाला." मुलगा बापाला असेच लिहिणार.

तू माझ्यासाठी एकदा खोटे लिहिलेस. आता खरे लिही. लोक काय म्हणाले?

परशुराम


खालचीवाडी
२४ फेब्रुवारी २०२५

ती. परशुरामकाका,
सा. न.

खरं लिहिते.

तुम्ही नारळ ठेवलात आणि म्हणालात, "बा देवा रवळनाथा, गंगारामान तुका दिलेलो शब्द मोडूक नाय." कुणीच काही म्हणालं नाही. सगळे दत्तारामकाकांच्या तोंडाकडे बघत होते, कारण पहिला होकार मानकऱ्याने द्यायचा. ते खाली बघत होते. तुम्ही म्हणालात, "त्या दिवशी तो पिलेलो नव्हतो. ब्रेकाची तार मी बांधलेली, ती तुटली." तेव्हाही कुणी नाही. काका, तुम्हाला ऐकू येत नाही ते त्या दिवशी बरं झालं. ती शांतता ऐकू आली असती तर तुम्ही थांबला असता.

तुम्ही थांबला नाहीत. "लोक बोलले ता मी ऐकलंय आणि गप रवलंय. चूक माझी, बोल गंगारामाक लागलो," असं म्हणालात तेव्हा दत्तारामकाकांनी मान वर केली. मग म्हणाले, "व्हय म्हाराजा." पहिले तेच. पाठोपाठ मागून बायकांचा आवाज आला, मग पुरुषांचा. "तो बोल आज माघारी घे," या तुमच्या शेवटच्या वाक्याला सभामंडप भरून होकार आला. अगदी सगळे म्हणाले नाहीत. दोघेतिघे चपला घालून निघून गेले, त्यात कोण होतं ते लिहीत नाही. पण तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर हेच आहे. लोक "व्हय म्हाराजा" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दत्तारामकाका आमच्या दारापुढच्या खळ्यात येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. देवळातला नारळ पायरीवर ठेवला आणि म्हणाले, "ह्यो सीतावैनीक मिळाक होयो होतो." मग गेले. तो नारळ मी आईच्या फोटोसमोर ठेवला आहे.

आता माझं. खोटी तार कुंपणाची होती, मिठाच्या पाण्यात चार दिवस ठेवली होती. तुम्ही डावखुरे आहात हे मी साफ विसरले. खरी तार मधोमध तुटलेली होती, तिचे दोन तुकडे भोकात अडकून राहिले होते. ते मी महिनाभर उशाशी ठेवले. बाबा निर्दोष होते हे मला तेव्हाच कळलं, आणि ते फक्त मलाच कळलं. मग वाटलं, दोन माणसं जाऊन बसली आहेत, तिसरं अजून आहे, त्याला कशाला घालवू. तुम्ही आला नसता तर मी ते तुकडे कुणाला दाखवले नसते.

तुम्हाला माफ केलं असं लिहायला तीनदा बसले. लिहिता येत नाही. आई विचारत होती तेव्हा तुम्ही दोन तासांच्या अंतरावर होता, हे आठवलं की हात थांबतो. पण तुमच्या जेवणाची काळजी वाटते, हेही खरं आहे. दोन्ही खरं आहे, आणि आपल्यात पुन्हा खोटं नको.

पिन बसवली. डोकं वर, पाय फाकवून मागे मुडपले. बरोबर बसली, थोडीही खेळत नाही.

आज सकाळी साडेसातला निघाले. घाटीच्या माथ्यावर संचिता आणि आणखी दोघी पाणी भरत होत्या, त्यांनी हंडे खाली ठेवले. मी पायडल सोडलं. सायकल वेगात आली, कानात वारा शिरला आणि साकव दिसला. पुढच्या ब्रेकला बोट लावलं नाही. फक्त मागचा धरला.

सायकल थांबली, काका. बाबांना जिथे थांबायचं होतं तिथे थांबली. मी एक पाय खाली टेकला आणि घंटी वाजवली.

मग कट्ट्याला गेले. फॅक्टरीत वेळेवर पोचले.

तुमची,
गंगारामची सारिका